सलोनीचा न आलेला दात

३ नोव्हेंबर

आजपासून तारीखवार लिहून ठेवणार. उद्या कोणी म्हणायला नको की गुरुदासचं डोकं फिरलंय, उगाच बायकोवर संशय घेतो. डोकं जागेवर आहे. माझ्याकडे तारखा असतील.

तर पहिली नोंद. सकाळी सव्वाअकरा. स्वप्नाचा विनीतला फोन. तेवीस मिनिटं. मी शेजारच्या खुर्चीवर एका आजोबांच्या दाढेत सिमेंट भरत होतो. हात दाढेत, कान तिकडे. "हो विनीत. नाही रे विनीत. तूच बघ ना जरा." बघ ना जरा! गेल्या वर्षभरात मला ती 'बघ ना जरा' म्हणाली असेल तर इन्व्हर्टरमधलं पाणी बघायला.

विनीत म्हणजे तिचा गोव्याच्या डेंटल कॉलेजातला ज्युनिअर. पिंगुळीचाच, म्हणजे तिच्या माहेरचा. गेल्या मे महिन्यात त्याने कुडाळला हायवेवर स्कॅन सेंटर काढलं. मशीन डोक्याभोवती एक फेरी मारतं आणि जबडा सगळ्या बाजूंनी कॉम्प्युटरवर दिसतो. वर, खाली, मागून, आडवा कापून, पाहिजे तसा. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात दुसरा विषय नाही. मी मालवणच्या बाजारात एकवीस वर्षं दात काढतोय, भरतोय, कवळ्या बसवतोय. स्वप्ना तारा लावणारी, वाकडे दात सरळ करणारी. तिच्याकडे देवगडपासून लोक येतात. दारात येतात आणि मला विचारतात, "मॅडम आसत?" मी जणू शिपाई.

८ नोव्हेंबर

सलोनी आली होती. देवबागच्या लवूची मुलगी, बारा वर्षांची. लवू मासेमारी करतो, स्वतःची होडी आहे. पोरीचा वरचा समोरचा उजवा दात अजून आलेला नाही. सात-आठव्या वर्षी यायला हवा होता. दीड वर्षापूर्वी मी एक्स-रेची फिल्म काढली तेव्हा दिसलं की त्याच्या वाटेत एक जास्तीचा, बारका, टोकदार दात आडवा आलाय. तो मीच काढला, टाळूच्या बाजूने. तेव्हा म्हटलं होतं, वाट मोकळी झाली, आता आपोआप येईल. आला नाही. सहा महिन्यांपूर्वी स्वप्नाने तारा लावून जागा करून दिली. जागा झाली, दात वरच.

पोर बोलताना तोंडावर हात धरते. वर्गात तिला 'खिडकी' म्हणतात. गॅदरिंगला नाटुकल्यात चांगलं काम मिळालं होतं, नको म्हणाली.

स्वप्ना म्हणाली, स्कॅन करून घेऊ. मी म्हटलं, कशाला? आजच्या फिल्ममध्ये दात स्वच्छ दिसतोय, मध्ये काही नाही, थोडं थांबू.

"फिल्म सपाट असते गुरू. एकामागे एक असलेलं तिच्यात कळत नाही."

"मी एकवीस वर्षं सपाटच वाचतोय," मी म्हटलं.

हे सगळं लवूच्या समोर. तो बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत टोपी चुरगाळत उभा. शेवटी पाठवलीच तिने कुडाळला. चिठ्ठीवर 'प्रिय विनीत' लिहिलं. डॉ. विनीत लिहिता आलं असतं.

१४ नोव्हेंबर

महत्त्वाची नोंद.

सलोनीचा स्कॅन दुपारी मेलवर आला. मी चहा घेऊन आत गेलो तर स्वप्नाने लॅपटॉप मिटला. पंधरा वर्षांच्या संसारात तिने माझ्यासमोर पहिल्यांदा काहीतरी मिटलं. दवाखान्यात आम्ही शुद्ध बोलतो, पण माझ्या तोंडून घरचंच आलं.

"काय होता?"

"काय नाय. बघूचा आसा अजून."

डोळे लाल होते. सर्दी म्हणाली. मग मागच्या पडवीत जाऊन फोन. मी हात धुवायच्या निमित्ताने खिडकीपाशी. नळ बंदच ठेवला. शब्दशः लिहितो. "त्याला आत्ता कळायला नको. मी सांगते, बरोबर वेळ बघून."

खाली दोन रेघा मारून ठेवल्यात.

१७ नोव्हेंबर

जेवताना मधेच विचारते, "सलोनीचो तो जास्तीचो दात काढलंस मा, तो नीट बघलंस? आख्खो होतो?"

मला ते ऑपरेशन आठवतं. लवूची आई, सत्यवतीकाकी, बरोबर आली होती. आपल्याकडे पोराचा दात पडला की कौलांवर टाकतात, नवा चांगला यावा म्हणून. दात चिमट्यात आला न आला तोच काकीने हात पुढे केला. "दी हयसर. घराक नेवन कौलार टाकतंय." मी कापसात गुंडाळून दिला. बघायचा राहिला असेल. गर्दी होती बाहेर. काढताना 'कट' असा एक आवाज झाला होता खरा. येतो कधीकधी, हाडाचासुद्धा येतो.

पण हे मी हिला कशाला सांगू? मी विचारलं, "ह्या विनीतान विचारल्यान?"

"विनीताचो काय संबंध?"

उठली आणि गरम असलेलं सार पुन्हा गरम करायला ठेवलं. म्हणजे विनीतनेच विचारलं. दोघं बसून माझी कामं तपासतात. एकाला बायकोही पाहिजे आणि वर माझी अब्रूही पाहिजे.

२३ नोव्हेंबर

रविवार. ती पिंगुळीला आईकडे. पूर्वी मीही जायचो. आता 'तू आराम कर' म्हणते. पिंगुळीहून त्याचं सेंटर दहा मिनिटं.

अकरा वाजता सासूबाईंना फोन लावला. कुळथाचं पीठ आहे का विचारायला. आमच्या डब्यात दीड किलो आहे. त्या म्हणाल्या, "स्वप्ना खंय? ती कुडाळाक गेली, विनीताकडे. येतली आता." लपवलंसुद्धा नाही त्यांनी. साऱ्या घराला माहीत, एकटा मी गाढव.

जेवण गेलं नाही. दवाखान्यात जाऊन कवळ्यांचे जुने प्लास्टरचे साचे फोडत बसलो. बरं वाटलं नाही.

संध्याकाळी आली ती माझ्यासाठी खाजं घेऊन. आलं घातलेल्या गुळातलं, मला आवडतं तेच. अपराधी माणूस असाच वागतो. मग समोर बसली, माझा हात धरला. "गुरू, माका तुज्याशी बोलूचा आसा."

ऐकायचं नव्हतं मला. तिच्या तोंडून तर नाहीच. म्हटलं, "माका सगळा ठावक आसा. त्या विषयार एक शब्द नको."

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुका ठावक आसा? कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. मी काय खुळो नाय."

मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काय म्हणाली? "चूक माणसाच्याच हातसून होता, रे. मनाक लावन घेव नको."

कबूल! स्वतःच्या तोंडाने चूक म्हणाली! आणि वर मला सांगते मनाला लावून घेऊ नको. मी ताट तसंच ठेवून उठलो. खाजं मात्र खाल्लं.

८ डिसेंबर

तो आज आला. इथे, माझ्या दवाखान्यात. किराण्याचं दुकान असल्यासारखा सहज आत शिरला. उंच आहे. केस सगळे शाबूत.

"सर, नमस्कार. अजून तुम्ही फिल्मच धुता?" माझी फिल्म धुवायची काळी पेटी बघत म्हणाला. "एवढ्या स्वच्छ फिल्मा आमच्या कॉलेजातही कोणी काढत नव्हतं."

टोमणा. मी 'हं' म्हटलं.

मग दोघं सलोनीचं मला समजावायला लागले. हिरडी उघडायची, वर अडकलेल्या दाताला बारीक साखळी चिकटवायची, ती तारेला बांधून दर पंधरवड्याला थोडी थोडी खाली ओढायची. सहा-आठ महिन्यांत दात जागेवर. विनीत म्हणाला, "अर्थात आधी मधलं काढून..." आणि स्वप्ना खोकली. तो खाली फरशीकडे बघायला लागला. दोघांच्या नजरा एवढ्या जुळलेल्या आहेत की खोकल्यावर कळतं, थांबायचं कुठे.

मी म्हटलं, "तुम्हा दोघांचं ठरलंच आहे ना? मग मला कशाला विचारता?"

स्वप्ना म्हणाली, "हातात हत्यार तूच धरायचंस म्हणून."

मी बाहेर गेलो.

अलीकडे ती माझ्याशी फार गोड वागते. एकदाही उलट बोलत नाही. काल मी आमटीवरून ताट सरकवलं तर गप्पपणे अंडं तळून आणलं. पूर्वीची स्वप्ना असती तर ताट माझ्या डोक्यात घातलं असतं. मला ती पूर्वीची पाहिजे.

२१ डिसेंबर

आज एक गोष्ट केली. चांगली नाही. तरी लिहितो, कारण खरं लिहायचं ठरवलंय.

बंदरावर लवू भेटला. बाजूला घेतला. म्हटलं, "लवू, तुज्या चेडवाचो तो दात आता येवचो नाय. स्कॅन, साखळी, ही नवी फॅशन. वर्षभर पोरीक तरास. मी तो दात काढून टाकतंय आणि बनावट बसवतंय. म्हयन्याभरात हसाक लागतली."

बोलताना मला माहीत होतं. बाराव्या वर्षी बनावट दात कायमचा बसवता येत नाही. काढता-घालता प्लेट द्यावी लागेल, अठरा वर्षांची होईपर्यंत, आणि तोवर तिथलं हाड झिजून जाईल. हे कॉलेजातल्या पोरालाही माहीत असतं. पण तो दात गेला की स्कॅन संपला, साखळी संपली, फोन संपला. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

लवूने मान खाजवली. "बघूया, डागतरानू. आता पापलेटाचो टायम."

११ जानेवारी

लवूला तीनदा निरोप पाठवला. एकदा इंजिन बिघडलेलं, एकदा मेहुण्याच्या गावची जत्रा, आज म्हणे जाळी फाटली. समोर आला तरी डोळ्याला डोळा देत नाही. एकवीस वर्षं हा माणूस माझ्या शब्दाबाहेर नव्हता. त्यालाही फितवलंय दोघांनी.

स्वप्नाला विचारलं, सलोनीचं काय ठरलं. म्हणाली, "तू म्हणशील तेव्हा. तू तयार झालंस काय करूया. घाई नाय."

मी तयार? कशाला तयार? माझ्या नाकासमोर त्याने इथे येऊन उभं राहायला?

२ फेब्रुवारी

जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

स्वप्ना कणकवलीला तिच्या ठरलेल्या पेशंटकडे. लवू समुद्रात. साडेनऊला सत्यवतीकाकी सलोनीचा दंड धरून हजर.

"माझ्या झिलान, लवून, काय ठरवूक नाय. पोरगी गॅदरिंगाक जाणा नाय, पावण्यांत बसणा नाय. तू बंदरार सांगलंस मा, दात काढून बनावट बसवतंय म्हणान? काढ मेल्याक आजच्या आज!"

सलोनी काकीच्या बाजूला उभी. तोंडावर हात. मी तिला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला आनंद झाला होता, हे खरं. खुर्चीत बसवली, टाळूत आणि ओठाखाली इंजेक्शन दिलं.

कापायचं कुठून, ओठाच्या बाजूने की टाळूच्या, हे ठरवायला नवीन फिल्म हवी. आमची जुनी रीत आहे. एक फिल्म समोरून काढायची, मग एक्स-रेची नळी बाजूला सरकवून दुसरी. जी वस्तू मागे असते ती दुसऱ्या फिल्ममध्ये नळी गेली त्या बाजूला सरकलेली दिसते, पुढची उलट बाजूला. स्कॅन नव्हते तेव्हा याच्यावरच सगळं चालायचं, आणि मला ते चांगलं येतं. नोव्हेंबरात मी दुसरी फिल्म काढली नव्हती. एकीवरच छाती ठोकून बोललो होतो. जास्तीचा दात काढला त्या दिवशी तर एकही काढली नव्हती, दात काकीच्या हातात गेला आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पेटीच्या बाह्यांत हात घालून दोन्ही फिल्मा धुतल्या. दिव्यासमोर धरल्या.

समोरच्या फिल्ममध्ये काही नाही. बाजूच्या फिल्ममध्ये शेजारच्या दाताच्या मुळामागून एक पांढरा दाणा बाहेर आला होता. एका बाजूला टोकदार, दुसऱ्या बाजूला सपाट मोडलेला. मुळाच्या बरोबर मागे लपून बसलेला, म्हणून समोरून दिसत नव्हता. न आलेल्या दाताच्या वाटेतच होता.

मोडलेली कड मी ओळखली. ते 'कट' हाडाचं नव्हतं. तो दात मोडला होता, आणि अर्धा मीच आत ठेवला होता. दीड वर्ष पोरगी तोंडावर हात धरून फिरतेय ती माझ्यामुळे. आणि आज मी तिचा स्वतःचा, बिनदोषाचा दात उपटायला बसलो होतो.

खुर्चीपाशी परत गेलो. सलोनीचा ओठ सुजल्यासारखा लोंबत होता. बोबडं बोलली, "डागतरकाका, काढलास?"

"नाय."

"मगे माझो आसा अजून?"

"आसा, बाय."

तेव्हा रडली. इंजेक्शनला नव्हती रडली. म्हणाली, "माका बनावट नको. माका माझोच व्हयो."

काकी माझ्यावर चिडली. "अर्ध्यार कित्याक सोडलंस?" मी म्हटलं, चूक माझी आहे काकी, लवूला भेटून सांगतो. त्यांना रिक्षापर्यंत सोडलं आणि दवाखाना बंद केला. पेशंट बसले होते, त्यांना काय सांगितलं आठवत नाही.

३ फेब्रुवारी

स्वप्नाला काही बोललो नाही. चौके गावावरून नेरूरपारचा पूल ओलांडून कुडाळला गेलो, थेट त्याच्या सेंटरवर.

"सर! या ना." खुर्ची दिली. "सलोनीचा स्कॅन दाखव," म्हटलं. त्याने उघडला.

पहिल्यांदाच बघत होतो. पोरीचा जबडा पडद्यावर हवेत फिरत होता. त्याने मागून वळवला आणि तुकडा समोर आला, काल दिसला होता तोच. शेजारच्या दाताचं मूळ तुकड्याने थोडं खरवडलं होतं. नुसती साखळी लावून ओढला असता तर दात तुकड्यावर अडला असता आणि शेजारचाही हातचा गेला असता. आणि न आलेला दात? सरळ, लांब मुळाचा, चांगला धडधाकट. मी बघत राहिलो.

"हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं?"

"हो सर. मॅडम रडल्या त्या दिवशी. म्हणाल्या, गुरुदासला कळलं तर तो परत हत्यार हातात धरायचा नाही. मला रिपोर्टसुद्धा थांबवायला सांगितला, आधी मी त्याच्याशी बोलते म्हणाल्या. त्या दर आठवड्याला फोन करून विचारायच्या, मूळ आणखी खरवडलं जाईल का, किती दिवस थांबता येईल." मग थोडा घुटमळला. "नंतर म्हणाल्या, सरांना कळलंय, पण त्यांना बोलायचं नाही. त्यांना वेळ देऊया. सर, खरं सांगू? मी असतो तर केव्हाच बोललो असतो. पोरीचं मूळ झिजत होतं."

बरोबर बोलला. तरीही मला तो आवडला नाही. आवडायला हवा होता.

येताना पुलावर गाडी थांबवली आणि या वहीतल्या तारखा आठवल्या. फोन, फोन, पडवी, पिंगुळी. सगळ्या खऱ्या होत्या. एकाचाही अर्थ मला लागला नव्हता.

४ फेब्रुवारी

देवबागला गेलो. लवू किनाऱ्यावर जाळं शिवत होता. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दात मोडला, तुकडा आत राहिला, मी बघितला नाही, आणि बंदरावर तुला जे सांगितलं ते खोटं होतं.

लवूने सुई थांबवली नाही. "माका ठावक आसा."

"कसा?"

"डागतरीणबायनी डिसेंबरात सांगल्यानी. हात जोडून सांगल्यानी. म्हणाल्यो, तेंका लागता, तेंच्या तोंडान येवदेत."

"आणि तू माका बोल्लंस नाय? बंदरार मी तुका काय काय सांगलंय!"

"काय बोलतलंय? माझ्या बापाशीच्या तोंडात एक दात नाय होतो. तुमी कवळी बसवलास, मरासर मटण खाल्ल्यान. अशा माणसाक मी बंदरार उभो करून 'तू चुकलंस' म्हणू?" मग पहिल्यांदा वर बघितलं. "पण म्हातारेक, आवशीक, सांगूक नाय होतंय, ती माझी चूक. परवा पोरीचा तोंड बघलंय. तुमी थांबलास म्हणान बरा. नायतर मगे मी काय केलंय असतंय, माका ठावक नाय."

हे शेवटचं तो हळू बोलला. मी ऐकून घेतलं.

१२ फेब्रुवारी

आज तुकडा काढला. मीच.

स्वप्नाला सगळं सांगितल्यावर मी म्हटलं होतं, कणकवलीहून सर्जन बोलाव. ती म्हणाली, नाही, तूच काढ. स्कॅन समोर लावला. तिने जबडा फिरवून दाखवला, किती खोल, मुळापासून किती लांब. मी टाळूच्या बाजूने गेलो आणि जिथे दाखवला तिथेच होता. तांदळाच्या कणीएवढा. या वेळी मी तो भिंगाखाली सगळ्या बाजूंनी बघितला, मग स्वप्नाला दाखवला, मग लवूला. काकीने या वेळी हात पुढे केला नाही. मग स्वप्नाने दाताला साखळी चिकटवली. दोघांचे हात एवढ्याशा तोंडात, आणि एकदाही एकमेकांना लागले नाहीत. किती वर्षांनी असं काम केलं.

सलोनीने आरशात साखळी बघितली. "ओढल्यार खराच खाली येतलो?"

"येतलो," स्वप्ना म्हणाली. "तुजोच आसा तो."

संध्याकाळी घरी बांगडे तळले. स्वप्ना हसत होती, तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्यावर खेकसलीसुद्धा, तेल उडालं म्हणून. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. मग जेवता जेवता म्हणाली, "एक इचारू? तुकड्याचा तुका दोन तारखेक कळला. मगे नोव्हेंबरापासून माज्यार कित्याक चिडलेलो होतंस?"

मी घास घेतला. दुसरा घेतला.

"तू म्हणालंस, माका सगळा ठावक आसा. पयल्या दिवसापासून. काय ठावक होता तुका?"

खोटं बोलता आलं असतं. काहीतरी सुचलंही होतं, लोक तुलाच विचारतात वगैरे. ते निम्मं खरंही होतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला दिसत होतं, ती एकेक दिवस मागे जात होती. तिच्या आईला मी केलेला फोन. खोकल्यानंतरचं माझं बाहेर जाणं.

"विनीत?" एवढंच म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

तिने हातातला घास ताटात ठेवला. "माका वाटला तू लाजेन जळतस. म्हणान मी गप रवलंय. तू ताट सरकवलंस, मी अंडा तळलंय. तू लोकांसमोर तोंड सोडलंस, मी म्हटलंय, दुखता तेका. तीन म्हयने मी तुका जपलंय, रे. आणि तू तीन म्हयने माका..."

मी म्हटलं, "चूक झाली."

"दात मोडलो ती चूक. तुकडो रवलो ती चूक. ती मी एका दिवसात पोटात घातलंय." उठली. "ह्या चूक न्हय."

हात धुतला आणि पिशवी भरायला लागली. मी दारात उभा राहिलो. अडवायचा धीर झाला नाही. पिंगुळीला शेवटच्या एसटीने गेली.

१४ मार्च

रोज दहाला दवाखान्यात येते, सहाला पिंगुळीला जाते. मला 'डॉक्टर' म्हणते. "डॉक्टर, आठ नंबरची फाइल द्या." पेशंटना काही कळत नाही. उलट एक बाई म्हणाल्या, तुम्ही दोघं किती छान बोलता.

गेल्या रविवारी पिंगुळीला गेलो होतो. सासूबाईंनी चहा दिला. स्वप्ना बाहेर आली नाही.

सलोनीची साखळी दोनदा आवळून झाली. स्वप्ना तिच्यावर वाकते, हनुवटीला बोट लावते, म्हणते, "दुखता? दुखला तर सांग हां, थांबतंय मी." माझं काम दिवा धरायचं. लिहायला लाज वाटते, पण मला त्या पोरीचा हेवा वाटतो. बारा वर्षांच्या पोरीचा. विनीतचा वाटला होता तो खोटा ठरला, हा खरा आहे.

१८ एप्रिल

आज आला.

सलोनीने खुर्चीत बसायच्या आधीच तोंड उघडलं. हिरडीतून पांढरी कड बाहेर, नखाएवढी. सकाळी दात घासताना जिभेला लागली म्हणे. घरून इथपर्यंत तोंड मिटलंच नाही, लवूच्या मोटारसायकलवर वाऱ्यात दात दाखवत आली. लवू दारात उभा राहून नुसता हसत होता. सत्यवतीकाकीने गूळ-खोबरं पाठवलं होतं.

स्वप्नाने आरसा लावून बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि पोरीला खुर्चीतच मिठी मारली. सलोनी मोठ्याने हसली. तोंडावर हात नव्हता. स्वप्नाने तिच्या खांद्यावरून मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तोंडभर हसत होती. काही मनासारखं झालं की पंधरा वर्षं ती आधी माझ्याकडे बघायची, अगदी तसंच. मीही हसलो.

मग तिला आठवलं. हसू चेहऱ्यावरून गेलं, तिने मान खाली घातली आणि नवी तार मागितली. मी दिली.